काळाबोळाचा खडा

२४ मे, शनिवार

निवृत्त झाले तेव्हा शाळेच्या कपाटातून टाचणाच्या सात कोऱ्या वह्या घरी आणल्या. उद्या वर्गात काय शिकवणार ते शिक्षकाने आदल्या दिवशी लिहून ठेवायचं, त्याला टाचण म्हणतात. तीस वर्षं मी ते लिहिलं, आणि त्यातलं निम्मं साहेब तपासायला येणार म्हणून लिहिलं. या वहीला साहेब नाही. तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

आज लिहिण्यासारखं घडलंय. इंद्रायणीचं नाव जिल्हा परिषदेच्या शिक्षक भरतीत लागलं. इंद्रायणी ही आमची सून, हृषीकेशची बायको. वळसंगची, शेतकऱ्याच्या घरातली. लग्न होऊन जुळे सोलापुरात आली तेव्हा तिचं डी.एड. झालं होतं आणि पुस्तकं बांधून माळ्यावर गेली होती. मी ती खाली काढायला लावली. ती गरोदर असताना सोफ्यावर तिच्या पायांखाली उशी सरकवून मी तिच्याकडून बालमानसशास्त्राचे प्रश्न घोकून घेतलेत. यादीत नाव तिचं असलं तरी निम्मे गुण माझे आहेत. कोणासमोर म्हटलं नाही, इथे लिहून ठेवते.

पेढे मीच आणले. आमचे हे, कमलाकरराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून पेपरच्या पलीकडे फारसे दिसत नाहीत, ते पेपर बाजूला करून म्हणाले, "आता घरात दोन मास्तरणी. माझं काही खरं नाही." सगळे हसले. नातीने, अकरा महिन्यांच्या सृष्टीने, पेढा मुठीत कुस्करला आणि आईच्या ड्रेसला पुसला.

२८ मे, बुधवार

सृष्टीला अजून अंगावरचं लागतं. मी तूप घालून मऊ खिचडी भरवते, दोन घास खाते आणि मग इंद्रायणीची ओढणी शोधत घरभर रांगते. आज इंद्रायणी आंघोळीला गेली तेवढ्यात न्हाणीच्या दारावर थापा मारून लालबुंद झाली. मी उचलून घेतलं तर मला लाथा.

आई नोकरीवर गेली की हिचं काय, हे घरात कोणी बोलत नाहीये. सगळे पेढ्यावर खूश आहेत. मला बोलायला हवं, कारण मी यातून गेलेय.

करमाळा तालुक्यात मी रुजू झाले तेव्हा हृषीकेश दहा महिन्यांचा होता. सासूबाईंनी, सोनाबाईंनी, सहाणेवर काळाबोळ उगाळला आणि वाटी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "लाव छातीला. दोन दिस रडंल, तिसऱ्या दिशी इसरंल." काळाबोळ इतका कडू की बोटाला लागला तरी दिवसभर जेवणाची चव जाते. पोराने तोंड लावलं, मागे घेतलं आणि मी त्याला मारल्यासारखं माझ्याकडे बघितलं. तिसऱ्या दिवशी खरंच विसरला. त्याला सासूबाईंकडे ठेवून मी निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, आता महिनाभर येऊ नको, आलीस की पोराची सवय मोडती. मी ऐकलं. महिन्याने आले, तर मला बघून त्याने त्यांच्या खांद्यात तोंड खुपसलं. मी हात पुढे करून उभी, आणि सासूबाई त्याला घेऊन घाईघाईने आत निघून गेल्या, चहा टाकायला. माझ्याशी दोन शब्द बोलायची गरज त्यांना वाटली नाही.

त्या गेल्याला चौदा वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यात त्यांचं हगणंमुतणं मीच काढलं. पण ती एक गोष्ट मी त्यांना माफ केलेली नाही. माझ्या नातीच्या बाबतीत मी तसं होऊ देणार नाही.

२ जून, सोमवार

संध्याकाळी रिकाम्या जागांची यादी आली. उद्या समुपदेशन. नाव पुकारलं की यादीतली एक शाळा निवडायची आणि सही करायची. सही झाली की तीन वर्षं तिथून हलणं नाही.

इंद्रायणी यादी घेऊन थेट माझ्याकडे आली. नवऱ्याकडे नाही, माझ्याकडे. एका नावाखाली तिने पेन्सिलने रेघ मारली होती. "आई, ही बघा की. वळसंगपासनं सात किलोमीटर. सकाळी जाताना सृष्टीला आईकडं सोडीन, मधल्या सुट्टीत जाऊन पाजून येईन, संध्याकाळी दोघी घरी. लई बरं हुईल."

म्हणजे सगळं ठरवून झालेलं. आईकडं. तिच्या आईचं नाव चंद्रव्वा. त्या बाजूला नावं अशी अर्धी कानडी असतात. बाई वाईट नाही, पण शेतात राबणारी. मूल गोठ्यापाशी बाजेवर टाकेल आणि म्हशीचं शेण काढायला जाईल. सृष्टीचा दिवस तिच्याकडे जायचा आणि आमच्याकडे ती झोपायला यायची.

मी म्हटलं, "थांब, चौकशी करते." गॅलरीत जाऊन शहाजी सरांना फोन लावला. आम्ही एका शाळेत होतो, आता ते त्या भागाचे केंद्रप्रमुख आहेत. ते म्हणाले, "बाई, सोन्यासारखी शाळा हाय. पट चौसष्ट पोरांचा, गाव चांगलं. डोळं झाकून घ्या म्हणावं."

आत येऊन मी इंद्रायणीला सांगितलं, "पट अकरा आहे. यंदा नाही तर पुढच्या वर्षी शाळा बंद होणार. मग तू जादा ठरशील आणि टाकतील तिथे जावं लागेल."

तिने खोडरबर आणून ती रेघ पुसली. मग म्हणाली, "मग कुठली घेऊ?"

"शाळा म्हणून चांगली म्हणशील तर करमाळ्याकडची ही. मी त्या भागात होते. पण ते तुला जमायचं नाही. एसटीने चार तास."

आता हे खोटं म्हणायचं का? आज पट चौसष्ट आहे, पण इंग्रजी शाळेची पिवळी बस गावात आली की अकरावर यायला किती वेळ लागतो? मी दोन वर्षांनंतरचा आकडा आज सांगितला. करमाळ्याला ती जाणार नाही. उद्या सही न करता परत येईल. सृष्टी शाळेत जायला लागली की पुढच्या भरतीला बसेल, मी पुन्हा अभ्यास घेईन. सगळ्यांच्या सोयीचं आहे.

३ जून, मंगळवार

तिने करमाळा घेतलं.

दुपारी आली, चपला काढल्या, माझ्या पाया पडली आणि ऑर्डर माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं, "अगं, तुला म्हटलं होतं ना जमायचं नाही म्हणून."

"तुमाला जमलं की, आई. तुमी तर दहा महिन्यांचं पोरगं ठेवून गेला होता. पेन हातात घेतला तवा आधी खाली ठेवला. मग तुमची आठवण काढली आणि केली सही."

चेष्टेने म्हणाली असती तर मी ऐकवलं असतं. पण ती मनापासून बोलत होती.

५ जून, गुरुवार

दोन दिवस घरात नुसती भांडणं. हृषीकेश बँकेतून येतो, दोन्ही बाजूंना मान हलवतो आणि जेवायला बसतो. याला लहानपणी वर्गप्रमुख केलं होतं तेव्हाही बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला घाबरायचा.

आज चंद्रव्वा आली. पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी, नातीला बाजरीच्या पिठाचा डबा. बसायच्या आधीच म्हणाली, "ईनबाई, लेकरू माज्याकडं द्या वळसंगला. मी बघते. आय तिकडं, लेकरू हितं, कसं व्हायाचं?"

मी सांगितलं की सृष्टी या घरची आहे आणि याच घरात वाढेल. डॉक्टर जवळ, लस वेळेवर, पाणी फिल्टरचं. यात काय चूक आहे?

इंद्रायणी म्हणाली, "मी घेऊन जाते तिला. खोली करते तिथं."

"आणि वर्गात असताना कुठे ठेवणार? फळ्याखाली?"

चंद्रव्वा म्हणाली, "मी जाते की संगं."

"तुमच्या दोन म्हशी आणि रान कोण बघणार? भावकी?"

म्हशी हा तिचा जीव आहे, मला माहीत होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले तेव्हा मी एवढंच म्हटलं की मुलाचं आईवाचून काय होतं ते मी या घरात भोगलंय. हृषीकेशकडे बोट करून म्हटलं, "हा मला ओळखत नव्हता."

हृषीकेश पहिल्यांदाच बोलला. "मला ते काय आठवतंय, आई? मला आजीचं आठवतं. दशम्या, बोरं, पाटीवर काढलेला हत्ती. माझं काही वाईट झालं नव्हतं. तू उगाच सगळ्यांना सांगतेस."

बत्तीस वर्षं मी ज्याच्यासाठी रडले त्याने हे सांगितलं. मी जेवले नाही. कोणी आग्रहही केला नाही.

शेवटी ठरलं ते असं: इंद्रायणी करमाळ्याला, सृष्टी माझ्याकडे. मी काही हे मागितलं नव्हतं.

९ जून, सोमवार

इंद्रायणी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "आई, तिचं अंगावरचं आता तोडायला पायजे. माझ्यानं काळाबोळ उगाळवणार न्हाई. तुमी करा."

मी नाही म्हटलं. बाटलीची सवय लावू म्हटलं. बाटली दोनदा भिंतीवर गेली. दुपारी मी रिक्षाने मंगळवार पेठेत काष्ठौषधीच्या दुकानात गेले. दुकानदाराने कागदात काळाबोळाचा खडा बांधून दिला आणि विचारलं, "लेकराचं सोडवायचंय का?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "आता कोण न्हाई नेत हे. बायका यूट्यूब बघत्यात."

सहाण तीच होती, सासूबाईंची. उगाळताना तोच वास. वाटी इंद्रायणीच्या हातात दिली. ती विचारायला लागली, "किती दिवस रडंल?"

मी म्हटलं, "दोन दिवस रडेल. तिसऱ्या दिवशी विसरेल."

माझ्या तोंडून तेच वाक्य आलं. दुसरं वाक्य मला कोणी शिकवलंच नव्हतं.

११ जून, बुधवार

काल वटपौर्णिमा. इंद्रायणी खालच्या बायकांबरोबर वडाला गेली नाही, खोलीत बसून राहिली. सृष्टी दिवसभर माझ्या कडेवर. घसा बसला तिचा. ओढणी ओढायची, वास घ्यायची, तोंड वाकडं करायची आणि आईला फटके मारायची. इंद्रायणी ते फटके खाऊन घेत होती.

आज तिसरा दिवस. सकाळी खिचडी वाटीभर खाल्ली. दुपारी माझ्या मांडीवर झोपली. इंद्रायणी समोरून गेली तर तिच्याकडे बघितलं आणि बघणं सोडून दिलं. मी इंद्रायणीला म्हटलं, "सुटली बघ." ती हूं म्हणाली आणि मोरीत जाऊन नळ सोडून बसली.

१५ जून, रविवार

गेली. हातावर दही मी घातलं. हृषीकेश स्टँडवर सोडायला गेला. सृष्टी झोपेत असताना निघ, असं मीच सुचवलं, रडारड नको. इंद्रायणीने तिच्या पायाला हात लावला फक्त, जागी होईल म्हणून पापा घेतला नाही.

उठल्यावर सृष्टीने खोल्या बघितल्या, बाल्कनी बघितली, न्हाणीचं दार वाजवलं. मग माझ्याकडे आली. मी ठेवल्या जागी होते.

२३ जून, सोमवार

काल सृष्टीचा पहिला वाढदिवस. इंद्रायणी शनिवारी आली, आज पहाटेच्या गाडीने गेली. दोन दिवस पोरगी तिला सोडायला तयार नव्हती. पुन्हा ओढणी, पुन्हा रडणं. आज आई दिसेना म्हटल्यावर दुपारपासून तापली. एकशे दोन. मी मांडीवर घेऊन ओल्या फडक्याच्या पट्ट्या ठेवल्या.

इंद्रायणीचा फोन आला तेव्हा स्पष्ट सांगितलं. "तू आलीस की तिची सवय मोडते. आता महिनाभर येऊ नकोस. तिच्या भल्यासाठी सांगतेय."

ताप किती आहे ते तिने दोनदा विचारलं. मग म्हणाली, "तुमाला जास्त कळतं, आई."

हे बाजूला बसले होते. म्हणाले, "प्रभा, महिना जास्त होतो." मी म्हटलं, तुम्ही पेपर वाचा.

२ जुलै, बुधवार

इंद्रायणीचा फोन, शाळेतून. आवाज बारीक. वर्गात पाढे घेताना पान्हा फुटतो, ब्लाऊज भिजतो, मुलं बघतात. छाती दगडासारखी झालीय. काय करू?

मी सांगितलं, छातीला मोगऱ्याची फुलं बांध, दूध आटतं, ओवा खाऊ नकोस, घट्ट कपडा गुंडाळ. फोन ठेवल्यावर बसून राहिले. माझ्या वेळी मी शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून दूध पिळून मातीत टाकायची. मुंग्या लागायच्या तिथे. मुख्याध्यापक पुरुष, बरोबरचे दोघे पुरुष. पोट दुखतंय सांगून बाहेर यायची. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. इंद्रायणीला आत्ता सांगायला हवं होतं. तिला बरं वाटलं असतं. पण फोनवर ते सुचलं नाही, आणि पुन्हा लावून सांगावं असंही वाटलं नाही.

१४ जुलै, सोमवार

सृष्टी चालली. सोफ्यापासून टीपॉयपर्यंत चार पावलं, मग बसली आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. खोलीत मी एकटी होते.

हृषीकेशचं पहिलं पाऊल मी बघितलं नव्हतं. सासूबाईंनी कोणाकडून तरी पत्र लिहवून कळवलं होतं, ते आठ दिवसांनी मिळालं. पोस्टमन वर्गाच्या दारात आला होता आणि मी उभ्याने वाचलं होतं.

इंद्रायणीला आज कळवलं नाही. उगाच शाळेत असताना तिचं मन लागायचं नाही. रविवारी सांगेन. व्हिडिओ कॉलही मी कमी केलेत, फोनमध्ये आई दिसली की पोरगी फोन चाटते आणि मग किरकिर करते.

माझं गुडघ्याचं दुखणं कमी झालंय. डॉक्टर म्हणतात, हालचाल वाढली म्हणून.

२७ जुलै, रविवार

महिना होऊन गेला. इंद्रायणी येते म्हणाली होती. मी म्हटलं, आता कुठे पोरगी रुळलीय, अजून पंधरा दिवस थांब. मग तिचंच प्रशिक्षण निघालं. तिकडे तिचं बरं चाललेलं दिसतंय. जुनी स्कूटी घेतली, पंधरा दिवसांत शिकली. ग्रामसभेत उभी राहून शाळेच्या मोरीला दार मागितलं, आणि मिळवलं. फोटो पाठवला, दारापाशी चौथीच्या पोरी उभ्या आहेत. हृषीकेश एकदा जाऊन आला. म्हणाला, "आई, ती बदललीय. मोठ्यानं बोलते आता." मी म्हटलं, मास्तरणीला मोठ्यानं बोलावंच लागतं.

खरी गोष्ट वेगळीच आहे. आज सकाळी मी भाकरी थापत होते. सृष्टी माझ्या पातळाला धरून उभी राहिली, वर बघितलं आणि म्हणाली, "आई."

घरात हृषीकेश मला आई म्हणतो, इंद्रायणी आई म्हणते. पोर ऐकेल ते बोलणार. मी आयुष्यभर पोरांचं चुकलेलं जागच्या जागी सुधारलं. इंद्रायणीच्या न्हाईचं नाही करायला दोन वर्षं तिच्या मागे होते. आज सुधारलं नाही. भाकरी करपली.

१६ ऑगस्ट, शनिवार

इंद्रायणी आली. जवळजवळ आठ आठवड्यांनी. दुपारी चारला बेल वाजली, मी सृष्टीला कडेवर घेऊनच दार उघडलं.

वाळलीय. रंग उतरलाय. खांद्यावर सॅक, हातात खेळण्यातला फळा. सॅक खाली टाकून तिने दोन्ही हात पुढे केले. "सृष्टी, ये. बघ कोण आलंय."

सृष्टीने बघितलं. मग वळून माझ्या खांद्यात तोंड खुपसलं आणि म्हणाली, "आई."

इंद्रायणीचे हात तसेच राहिले.

मी सृष्टीला घेऊन घाईघाईने आत गेले. चहा टाकते म्हणाले. गॅस पेटवला, भांडं ठेवलं, त्यात पाणी घालायचं राहिलं. मला हसू येत होतं. ओठ दाबून धरले तरी येत होतं. ते इंद्रायणीला दिसू नये म्हणून मी आत आले होते. इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून लिहिते. बत्तीस वर्षांत एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

मग सासूबाई आठवल्या, त्या दिवशी चहा टाकायला घाईघाईने आत गेलेल्या. रिकामं भांडं तापून काळं पडलं तोवर मी तिथेच उभी होते.

चहा घेऊन बाहेर आले. इंद्रायणी तिथेच जमिनीवर बसली होती. रडत नव्हती.

"आई, त्या शाळेचा पट चौसष्ट हाय."

मी कप तिच्यासमोर ठेवला.

"माझ्या आईला बाजारात तिथली बाई भेटली. तिची दोन पोरं हायत त्या शाळेत. म्हणाली, आमची शाळा कुठली बंद हुतीय." मग तिने विचारलं, "शहाजी सरांनी तुमाला अकरा सांगितला होता का?"

हो म्हणता आलं असतं. शहाजी सर तिच्या ओळखीचे नाहीत, तिने विचारलं नसतं.

"नाही," मी म्हटलं. "चौसष्टच सांगितला होता."

पेपर खाली आला. हृषीकेश दारात उभा होता. सृष्टी माझ्या पायाशी बसून नव्या फळ्यावर रेघोट्या मारायला लागली. इंद्रायणीने चहा घेतला, सगळा, आणि कप धुऊन पालथा घातला.

१७ ऑगस्ट, रविवार

सकाळी चंद्रव्वा आली, ट्रंक घेऊन. म्हशी दिराला देऊन आली. नव्या कासऱ्याची गाठ सुद्धा सोडली नाही म्हणाली, तशाच दिल्या. इंद्रायणीने तिला पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलं होतं. करमाळ्याला खोली मोठी केलीय, शाळेच्या बोळातच.

म्हणजे काल ती मला विचारायला आली नव्हती. फक्त बघत होती मी काय सांगते ते.

मी हृषीकेशला म्हटलं, तू काही बोलणार आहेस का. तो म्हणाला, "मी दर शनिवारी जाणार आहे." यांच्याकडे बघितलं. हे सृष्टीचे बूट शोधत होते.

सृष्टीला इंद्रायणीने माझ्या कडेवरून काढून घेतलं. तिची बोटं माझ्या पदरात अडकली होती, ती एकेक सोडवली. पोरगी कमान करून रडायला लागली, हात माझ्याकडे. आई, आई. चंद्रव्वाचे डोळे भरले. म्हणाली, "यव्वा, लेकराचे लई हाल व्हायलेत. ऱ्हाऊ दे का आजचा दिस?"

इंद्रायणीने नाही म्हणून मान हलवली. माझ्याकडे बघून, शांतपणे, न चिडता म्हणाली, "दोन दिवस रडेल. तिसऱ्या दिवशी विसरेल."

शुद्ध बोलली. एकही चूक नव्हती.

निघताना वाकून पाया पडली. मी दही घालायला विसरले.

२० ऑगस्ट, बुधवार

टीपॉयखाली सृष्टीचा एक मोजा मिळाला. देवघराच्या खणात काळाबोळाचा उरलेला खडा कागदात तसाच आहे. त्याला कीड लागत नाही, वाळवी लागत नाही.

काल आणि परवा मी फोन केला नाही. आज दुपारी मधल्या सुट्टीच्या वेळेला केला. इंद्रायणीने उचलला. मागे पोरांचा गलका होता. मी विचारलं, "रडते का?"

"काल संध्याकाळपर्यंत रडली," ती म्हणाली. "आज न्हाई."